मोठ्या शहरात छपराखालचा एक दिवस : काय निवडावे, कसे करावे

मोठ्या शहरात छपराखाली करण्यासारखे इतके काही असते की खरी अडचण पर्यायांच्या अभावाची नसते, त्यांच्या गर्दीची असते. सुट्टीच्या दिवशी पावसाने झोडपले किंवा उन्हामुळे बाहेर पडवेनासे झाले की आपण फोनवर एखादी यादी उघडतो, त्यातली तीन-चार ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याचा बेत आखतो आणि संध्याकाळी परतताना मनात उरतात त्या फक्त रांगा आणि प्रवास. मीही बरीच वर्षे असेच करत असे. एकदा एका दिवसात तीन संग्रहालये पाहिली, तेव्हा तिसऱ्या संग्रहालयात सर्वांत जास्त वेळ मी ज्या वस्तूपाशी घालवला ती वस्तू म्हणजे दालनाच्या मधोमध ठेवलेले लाकडी बाक होते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : एका दिवसात एकच मुख्य ठिकाण, आणि तिथे जाण्याआधी अर्ध्या तासाची तयारी. पुढे जे सांगितले आहे ते याच नियमाला धरून आहे.

बेत आखताना

सर्वप्रथम स्वतःला विचारावे की आज बसून पाहायचे आहे, हातांनी काही करायचे आहे, की शरीर थकवायचे आहे. आठवडाभर खुर्चीत बसून काम केलेल्या माणसाला काळोख्या सभागृहात आणखी दोन तास बसून विश्रांती मिळतेच असे नाही. त्याला चढण्याची भिंत किंवा स्केटिंगचे बर्फाचे मैदान जास्त मानवते. उलट दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याने सुट्टीतही मैलभर दालने तुडवण्याऐवजी तारांगण किंवा मातीकाम निवडावे.

दुसरा विचार माणसांच्या संख्येचा. संग्रहालय एकट्याने किंवा दोघांनी पाहण्याची जागा आहे. सहा जण एकत्र गेले तर प्रत्येक जण दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहत उभा राहतो. एस्केप रूमला, म्हणजे कोडी सोडवत बंद खोलीतून बाहेर पडण्याच्या खेळाला, चार जण पुरेसे असतात. भिंत चढायला दोघे किंवा तिघे असावेत, कारण चढण्याइतकाच वेळ खाली बसून दुसऱ्याचे चढणे पाहण्यात जातो आणि त्या पाहण्यातूनच बरेचसे शिकता येते.

ठिकाण ठरल्यावर आदल्या रात्री चार गोष्टी तपासाव्यात. पहिली, साप्ताहिक सुट्टीचा वार : अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद असते. दुसरी, शेवटच्या प्रवेशाची वेळ, जी बंद होण्याच्या वेळेच्या अर्धा ते एक तास आधीची असू शकते. तिसरी, तिकीट ठरावीक वेळेचे आहे की दिवसभर चालणारे. चौथी, वय, उंची किंवा वजनाची काही अट आहे का. लहान मुले बरोबर असतील तर ही अट दारात पोहोचल्यावर कळणे फार महागात पडते, कारण मुलांची समजूत तिथेच, रांगेतच घालावी लागते.

वेळेबाबत एवढेच लक्षात ठेवावे की पावसाच्या दिवशी जी कल्पना आपल्याला सुचते ती शहरातल्या इतर हजारो लोकांनाही सुचलेली असते. उशिराची सकाळ आणि दुपार गर्दीची असते. म्हणून दार उघडताना आत शिरावे, किंवा बंद होण्यापूर्वीचे दोन-अडीच तास निवडावेत. वातानुकूलित दालनांत तास-दीड तासाने थंडी वाजू लागते, तेव्हा अंगावर घ्यायला एखादे हलके वस्त्र आणि पायांत मोजे असावेत. बर्फाचे मैदान, मुलांची खेळघरे, उड्या मारण्याची जाळी अशा जागी मोजे लागतातच.

संग्रहालय : थकवा येण्याआधी थांबण्याची कला

संग्रहालयात पाय दुखतात आणि डोळे शिणतात हे जुने गाऱ्हाणे आहे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आयव्ह्ज गिलमन यांनी १९१६ साली याच थकव्यावर लेख लिहिला आणि त्यात एका माणसाची छायाचित्रे दिली : काचपेटीतली वस्तू नीट दिसावी म्हणून तो कुठे वाकतो, कुठे गुडघे दुमडतो, कुठे मान वर करून पाहतो. दोष पाहणाऱ्याचा नसून मांडणीचा आहे, असा त्यांचा रोख होता. त्यानंतर मांडणी पुष्कळ सुधारली, पण संग्रहही तितकेच वाढले. लूव्रमध्ये सुमारे ३५,००० वस्तू प्रदर्शनात असतात. प्रत्येकीसमोर केवळ १० सेकंद थांबायचे म्हटले तरी ९७ तास लागतील. सगळे पाहण्याचा विचार अशा हिशेबाने आपोआप गळून पडतो, आणि तो गळून पडला की संग्रहालय पाहायला खऱ्या अर्थाने सुरुवात होते.

माझी पद्धत अशी आहे. घरीच संग्रहालयाचा नकाशा उघडून दोन दालने निवडावीत : एक ओळखीच्या विषयाचे आणि एक अजिबात माहीत नसलेल्या विषयाचे. आत गेल्यावर पिशवी सामानघरात ठेवावी, कारण खांद्यावरचे ओझे पहिल्या तासात जाणवत नाही आणि दुसऱ्या तासात सोसवत नाही. मग निवडलेल्या दालनात न थांबता एक पूर्ण फेरी मारावी. या फेरीत पाट्या वाचायच्या नाहीत. फक्त आपली पावले कुठे मंदावली ते लक्षात ठेवायचे. फेरी संपल्यावर अशा पाच-सहा वस्तूंकडे परत जावे आणि प्रत्येकीसमोर निदान तीन मिनिटे उभे राहावे.

तीन मिनिटे ऐकायला थोडी वाटतात, पण एखाद्या चित्रासमोर घड्याळ लावून उभे राहून पाहावे, म्हणजे ती किती लांबलचक असतात ते कळेल. पहिल्या मिनिटात चित्रात काय आहे ते पाहावे : कोण आहे, काय करत आहे, प्रकाश कोणत्या बाजूने येतो. दुसऱ्या मिनिटात ते कसे केले आहे ते पाहावे. त्यासाठी जवळ जाऊन कुंचल्याचे फटकारे बघावेत आणि मग चार पावले मागे यावे, कारण जवळून नुसते डाग दिसणारे रंग दुरून कापडाची चुणी किंवा पाण्याची चमक होऊन जातात. पाटी वाचायची ती तिसऱ्या मिनिटात. आधी पाटी वाचली की डोळे पाटीतलेच चित्रात शोधत बसतात. वस्तू मातीची, धातूची किंवा लाकडाची असेल तर झीज कुठे झाली आहे ते शोधावे, कारण हात कुठे लागत होते हे झीज सांगते.

काही दालने फार अंधारी का असतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. कागद, जलरंग आणि कापड प्रकाशाने विटतात आणि ही हानी भरून येत नाही, म्हणून अशा वस्तूंवरचा प्रकाश साधारणपणे ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचे माप) आसपास, म्हणजे मंदच ठेवतात. उजेडातून अशा दालनात शिरल्यावर लगेच पुढे न जाता दाराशीच दोन-चार मिनिटे थांबावे; डोळे सरावले की मघाशी करडे दिसणारे रेशीम रंग दाखवू लागते. कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा. शक्य असेल तर छायाचित्रे शेवटच्या पंधरा मिनिटांत काढावीत, नाहीतर आपण वस्तू न पाहता फोनचा पडदाच पाहत राहतो.

दीड तास झाला की थांबावे. ज्यांना राहवत नसेल त्यांनी बाहेर येऊन पाणी प्यावे, पंधरा मिनिटे बसावे आणि मगच दुसरे दालन घ्यावे.

विज्ञान संग्रहालयाची तऱ्हा वेगळी असते, कारण तिथे हात लावण्याची मुभा असते. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपेनहायमर यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक्स्प्लोरेटोरियम सुरू केले. पाहणाऱ्याने स्वतः कळ फिरवावी, दोरी ओढावी आणि काय होते ते बघावे, असे प्रयोग तिथे मांडलेले असतात. अशा ठिकाणी मुले एका कळीवरून दुसऱ्या कळीवर धावत सुटतात. त्यांना अडवण्यापेक्षा एक प्रश्न द्यावा : कळ दाबण्यापूर्वी काय होईल ते सांग, मग दाब. अंदाज चुकला तर मूल स्वतःहून थांबते.

अनेक विज्ञान संग्रहालयांत फूकोचा लंबक असतो. लेऑन फूको यांनी १८५१ साली पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून पृथ्वीचे परिवलन लोकांना प्रत्यक्ष दाखवले. या लंबकासमोर लोक अर्धा मिनिट थांबून पुढे जातात आणि म्हणून त्यांना काहीच दिसत नाही. ध्रुवावर त्याच्या झोक्याची दिशा तासाला १५ अंश वळते, विषुववृत्तावर ती वळतच नाही आणि पॅरिसमध्ये ती तासाला सुमारे ११ अंश वळते. म्हणून आल्याबरोबर झोका कोणत्या खुणेवरून जातो ते टिपून ठेवावे आणि निघताना पुन्हा पाहावे.

तारांगण

घुमटावर तारे दाखवणारा पहिला आधुनिक प्रक्षेपक झाइस कंपनीने बनवला आणि १९२३ साली म्युनिकच्या डॉइचेस म्यूझियममध्ये तो प्रथम दाखवण्यात आला. आजही तारांगणातला आनंद बराचसा दोन साध्या गोष्टींवर ठरतो : जागा आणि अंधार. खुर्च्या एकाच दिशेला वळलेल्या असतील तर पुढच्या रांगा टाळाव्यात, कारण तिथे मान पूर्ण मागे टाकावी लागते. मागच्या एक-तृतीयांश भागात, मधोमध बसावे. खुर्च्या गोलाकार असतील तर ज्या दिशेचे आकाश मुख्यत्वे दाखवणार आहेत तिच्या समोरची बाजू कोणती, हे कर्मचाऱ्यांना सरळ विचारावे. काळोखाला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटे लागतात, तेव्हा दहा मिनिटे आधी आत जाऊन बसावे आणि फोन खिशातच ठेवावा. एक पडदा उजळला की शेजारच्या दहा जणांचा सराव पुन्हा शून्यावर येतो. चित्रफीत आणि निवेदकाने प्रत्यक्ष उभे राहून सांगितलेला कार्यक्रम यांत निवड करता येत असेल, तर निवेदकाचा कार्यक्रम घ्यावा. त्याला प्रश्न विचारता येतात.

चढण्याची भिंत : पहिल्या दिवसाचा क्रम

ज्यांनी कधीच प्रस्तरारोहण केलेले नाही त्यांनी सुरुवात बोल्डरिंगने करावी. यात भिंत साधारण ४ ते ४.५ मीटर उंच असते, खाली जाड गाद्या असतात, दोर किंवा हार्नेस (कमरेला बांधायचा सुरक्षापट्टा) लागत नाही आणि मुख्य म्हणजे दोर धरणारा जोडीदारही लागत नाही. भिंतीवर निरनिराळ्या रंगांच्या पकडी बसवलेल्या असतात. एका रंगाच्या पकडी मिळून एक मार्ग होतो. खुणेच्या पकडीवर दोन्ही हात ठेवून निघायचे आणि शेवटच्या पकडीवर दोन्ही हात स्थिर ठेवले की मार्ग पूर्ण झाला. प्रत्येक भिंतीवरची अवघडपणाची रंगसूची वेगळी असते, म्हणून ती दाराशीच वाचून घ्यावी.

चढण्याआधी पडायला शिकावे. गादीवर उभे राहून आधी अर्ध्या मीटरवरून, मग थोडे वरून उडी मारावी : दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे दुमडायचे, आणि हात छातीशी घेऊन पाठीवर मागे लोळण घ्यायची. पडताना हात मागे टेकवणे ही माणसाची उपजत सवय आहे आणि मनगट व कोपर याच सवयीने मोडतात. दुसऱ्या कुणाच्या खालून जायचे नाही, गादीवर बसून गप्पा मारायच्या नाहीत, आणि शक्य तेव्हा उडी न मारता पकडी धरत खाली उतरायचे.

आता प्रत्यक्ष चढणे. नवशिक्या हातांनी स्वतःला वर ओढतो आणि वीस मिनिटांत त्याच्या पोटऱ्या ताज्यातवान्या आणि मनगटे निकामी झालेली असतात. चढायचे असते पायांनी. पाऊल मधोमध न ठेवता बोटांवर, म्हणजे बुटाच्या टोकावर ठेवावे, कारण टोकावर ठेवलेले पाऊल जागच्या जागी वळवता येते. हात शक्य तितके सरळ ठेवून हाडांवर लोंबकळावे. कोपर वाकवून धरले की स्नायू जळू लागतात. प्रत्येक हालचालीआधी पाहायचे ते वरच्या पकडीकडे नव्हे, तर पुढचे पाऊल कुठे जाणार तिकडे. खाली उभे असतानाच मार्ग नजरेने वाचून घ्यावा, हवेत हात हलवून क्रम ठरवावा. हे करताना थोडे वेड्यासारखे दिसते, पण अनुभवी मंडळी तेच करताना आढळतील.

भाड्याचे बूट घट्ट असावेत, पण त्यात बोटे दुखू नयेत. अंगठ्या काढून ठेवाव्यात, नखे कापलेली असावीत. एका प्रयत्नानंतर तीन-चार मिनिटे विश्रांती घ्यावी आणि पहिल्या दिवशी तासाभरातच थांबावे. स्नायूंना बळ लवकर येते, बोटांतल्या कंडरांना मात्र कितीतरी महिने लागतात, म्हणून अगदी बारीक पकडींचे मार्ग सुरुवातीला टाळावेत.

दोर असलेल्या उंच भिंतीवर जायचे असेल तर प्रशिक्षकाकडून रीतसर शिकूनच जावे. काही भिंतींवर दोर आपोआप ओढून धरणारे यंत्र असते. त्यातला धोका यंत्र बिघडण्यापेक्षा माणसाच्या विसराळूपणात जास्त असतो : दोन-चार वेळा चढून सरावलेला माणूस कडी न अडकवताच चढू लागतो. जमिनीवरून पाय उचलण्यापूर्वी कडीला हात लावून ती ओढून पाहायची, हा नियम एकदाही मोडू नये.

बर्फावर आणि बंद खोलीत

बर्फाच्या मैदानावर बुटांची दोरी घोट्यापाशी घट्ट आवळावी आणि मोज्यांचा एकच पातळ जोड घालावा. जाड मोज्यांत पाय सैल पडतो. हातमोजे थंडीसाठी नव्हेत, पडल्यावर तळहात सोलू नयेत म्हणून घालायचे. गुडघे दुमडून, वजन किंचित पुढे घेऊन आधी बदकासारखी छोटी पावले टाकावीत. तोल जाऊ लागला तर खाली बसत एका कुशीवर पडावे आणि पडल्या-पडल्या बोटे मुठीत घ्यावीत, कारण मागून येणाऱ्यांच्या पायांखाली धारदार पाती असतात. मैदान गुळगुळीत करणारे यंत्र फ्रँक झांबोनी यांनी १९४९ साली बनवले; ते फिरून गेल्यावरची पहिली पंधरा मिनिटे सर्वांत सुखाची असतात.

बोलिंगबद्दल एकच सूचना पुरे. नजर १८ मीटरवरच्या दहा पिनांवर न ठेवता मार्गिकेवर अलीकडेच रंगवलेल्या बाणांपैकी एकावर ठेवावी आणि चेंडू त्या बाणावरून जाऊ द्यावा. गुण लगेच वाढतात.

एस्केप रूम हा खेळ जपानमध्ये, क्योटो शहरात २००७ साली सुरू झाला आणि जगभर पसरला. साधारण एका तासात कोडी सोडवून बाहेर पडायचे असते. पहिली पाच मिनिटे कुणीही कोडे सोडवायला बसू नये. सगळ्यांनी खोली धुंडाळावी आणि जे सापडेल ते मोठ्याने सांगून एकाच टेबलावर ठेवावे. बहुतेक गट हरतात ते एकाच्या खिशातली वस्तू दुसऱ्याला ठाऊक नसल्यामुळे. वापरून झालेली किल्ली आणि सुटलेले कोडे वेगळ्या कोपऱ्यात टाकावे, नाहीतर तेच पुन्हा सोडवले जाते. एका कोड्यावर सात-आठ मिनिटे अडकल्यास माणूस बदलावा, आणि तरीही न सुटल्यास संकेत मागावा. त्यात कमीपणा नाही.

आत शिरण्यापूर्वी मात्र एक प्रश्न विचारलाच पाहिजे : आणीबाणीत दार आतून कसे उघडते? पोलंडमधील कोशालिन येथे ४ जानेवारी २०१९ रोजी एका एस्केप रूमला लागलेल्या आगीत पाच मुलींचा मृत्यू झाला. दार कधीही उघडता येते किंवा आतून दाबायची कळ आहे, असे उत्तर मिळाले तर खुशाल आत जावे. उत्तर टाळले गेले तर पैसे गेले तरी परत फिरावे.

चाकावरची माती

हातांनी काही करायचे असेल तर मातीकामाच्या एका बैठकीइतके समाधान देणारे शहरात फारसे काही नाही, आणि इतके फजीत करणारेही नाही. नखे बारीक कापून, जुने कपडे घालून जावे आणि दोन तासांची बैठक घ्यावी. एका तासात फक्त हात बरबटतात.

माती आधी कणकेसारखी मळतात, कारण तिच्यात अडकलेली हवा चाकावर भांड्याचा तोल बिघडवते. मग गोळा चाकाच्या मध्यावर आपटून बसवतात आणि त्यानंतर येते ती सर्वांत अवघड पायरी : मध्य साधणे. कोपर मांडीवर किंवा कमरेशी घट्ट टेकवावे, हात ओले ठेवावेत आणि फिरणाऱ्या मातीमागे हात न नेता हात स्थिर धरून मातीला त्यांच्यापाशी येऊ द्यावे. गोळा डगमगेनासा झाला की अंगठ्याने मधोमध खळगा पाडावा, तळाशी साधारण एक सेंटिमीटर जाडी राखावी आणि मग आतली-बाहेरची बोटे समोरासमोर ठेवून भिंत सावकाश वर खेचावी. खेचताना चाकाचा वेग कमी करावा. पाणी बेताने वापरावे, कारण जास्त पाण्याने माती दमते आणि भिंत बसते. पहिले भांडे बसणारच. दुसऱ्यासाठी गोळा आधीच मळून ठेवावा.

पहिल्या खेपेस उंच पेला करण्याचा हट्ट धरू नये. रुंद तोंडाची बुटकी वाटी जमते आणि ती कामालाही येते. तयार भांडे काही दिवस वाळते, चामड्याइतके कडक झाले की तळ खरवडतात, मग सुमारे १,००० अंश सेल्सिअसला पहिली भाजणी होते, त्यावर झिलई चढवतात आणि ते पुन्हा भट्टीत जाते. या प्रवासात ते सुमारे दहावा हिस्सा आकसते, तेव्हा हवे त्याहून थोडे मोठे घडवावे. दोन-चार आठवड्यांनी बोलावणे येईल, आणि तोवर फळीवर एकसारख्या दिसणाऱ्या तीस वाट्या असतील. म्हणून भांडे ओले असतानाच तळाशी काडीने स्वतःची खूण कोरून ठेवावी.